विमानावरचा जावई

पायलट जावई मिळाला, की नानासाहेबांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. फुलंब्रीच्या पारावरची माणसं त्यांना बसायला जागा देताना थोडी जास्त सरकणार होती. तलाठ्यापासून सभापतीपर्यंत सगळे 'जावईबापू कुठं असतात सध्या?' असं आपणहून विचारणार होते. आणि सगळ्यात मोठी जमा म्हणजे रामकिसन गप्प बसणार होते. हे रामकिसन नानासाहेबांचे चुलतभाऊ. त्यांचा जावई फौजदार. तो फौजदार त्यांनी गेली कित्येक वर्षं प्रत्येक पंगतीत नानासाहेबांच्या ताटात वाढला होता, भाजीच्याही आधी.

एवढ्या सगळ्याच्या बदल्यात खर्चाच्या बाजूला नानासाहेबांनी एकच गोष्ट धरली होती, आणि ती म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक लढाऊ विमान आहे. आता जुना झालोय. खऱ्या सुखोईच्या चोविसाव्या हिश्श्याएवढा माझा आकार. लांबी दोन हात. नाकापासून शेपटीपर्यंत मी हुबेहूब तसाच आहे, फक्त उडत नाही. आणि गंमत अशी, की थांबायचंही मला जमत नाही. माझी चाकं इतकी हलकी आहेत, की कोणी जिना चढलं तरी मी जागचा सरकतो. उडता येत नाही आणि स्वस्थ बसवत नाही, अशा अवस्थेत माझा सगळा जन्म गेला.

जन्म चितेगावचा. तिथल्या एका कारखान्यात सांडू मिस्त्री ओतकामासाठी लाकडी साचे करायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडात लोकांना हौसेच्या वस्तू करून द्यायचे. त्यांचा हात जेवढा बारीक, तेवढीच जीभ मोठी. "ओझरच्या विमान कारखान्यात जाऊन सुखोईला हात लावून आलोय मी," असं ते भेटेल त्याला सांगत. खरं म्हणजे मेव्हणीच्या लग्नाला नाशिकला जाताना एसटीच्या खिडकीतून त्यांना लांबवर काहीतरी राखाडी चमकलेलं दिसलं होतं. तेवढ्या चमकेवर आणि फोटोंच्या एका गठ्ठ्यावर त्यांनी मला घडवलं. सागवानाचं अंग, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे पंख, गरम करून साच्यावर ओढलेली ॲक्रिलिकची काच, काचेच्या आत बोटाच्या पेराएवढे दोन वैमानिक, नाकाच्या टोकाला सुईसारखी बारीक नळी. चाकं लेथवर कातलेली आणि प्रत्येक चाकात इवलंसं बेअरिंग.

"बेअरिंग कशाला, मिस्त्री? आमच्या पोरीच्या, आशाच्या रुखवतात मांडायचंय हे. शर्यतीला सोडायचं नाय," नानासाहेब म्हणाले.

"नाना, ज्याचं चाक फिरत नाय ते खेळणं. ज्याचं फिरतंय ते विमान."

नानासाहेबांनी काचेतून आत डोकावून पाहिलं. "ही दोघं कोण?"

"पुढं पायलट. मागं त्याचा जोडीदार."

"मंग आमचा जावई पुढचा."

"पुढचाच की! मी नाकावरनंच वळखला."

नानासाहेबांनी काचेच्या खाली बोट ठेवलं. "हितं नाव टाका. बद्रीनाथ. जरा दांडगं टाका, लांबून दिसलं पायजे. रामकिसनला चष्मा लागलाय."

आता हा पायलट आला कुठून, ते सांगतो. स्थळ आणलं आप्पासाहेबांनी. हे नानासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाईंचे भाऊ, म्हणजे नानासाहेबांचे मेव्हणे आणि आशाचे मामा. लासूर स्टेशनचं घर, धान्याची आडत, मुलगा वायुसेनेत. "करतो काय?" असं नानासाहेबांनी विचारलं, तेव्हा आप्पासाहेब म्हणाले होते, "लढाऊ विमानावर हाय, दाजी."

मित्रांनो, आपल्याकडं ट्रकचा ड्रायव्हर 'गाडीवर आहे' म्हणतात आणि क्लीनरही 'गाडीवर आहे' असंच म्हणतात. दोघांचंही खरं असतं. पण नानासाहेबांनी 'विमानावर' एवढं ऐकलं आणि पोराला उचलून थेट पुढच्या सीटवर बसवून टाकलं. पुढं एक प्रश्न विचारला नाही. माल मनासारखा असला की जास्त चौकशी करायची नाही, हे ते बाजार समितीत शिकले होते.

माझ्यावर रंगाचा शेवटचा हात बाकी होता, तेव्हा आशा एकटीच स्कूटीवरून शेडात आली. चेहऱ्याचा रुमाल सोडायच्या आधीच बोलायला लागली.

"मिस्त्रीकाका, नाव काचेखाली टाकू नका."

"मंग कुठं टाकू, ताई? शेपटाला?"

"चाकाच्या झाकणावर."

सांडू मिस्त्रींनी ब्रश खाली ठेवला. "नानांनी दांडगं सांगितलंय. तिथं तर मुंगी पण आखडून बसंल."

"ते पायलट नाहीत, काका. विमानाची चाकं, टायर, ब्रेक हे सगळं त्यांच्याकडं असतं. बघायला आले तेव्हा मी विचारलं, विमानावर म्हणजे नेमकं कुठं? तर म्हणाले, 'खाली.'" आशाला हसू आलं. "इतकं सरळ उत्तर मला आजवर एकाही स्थळानं दिलं नव्हतं."

"मंग नानांना सांगून टाका की."

"सांगितलं तर मोडतील. एकाची उंची कमी, एकाच्या घरावर पत्रे, एकाचा आतेभाऊ रामकिसनकाकांच्या वळखीचा. सगळी स्थळं अशीच गेली. पहिल्यांदाच हो म्हणालेत. चुकून का होईना."

"आन लग्नात कळलं तर?"

"त्याच्या आधी सांगणार आहे मी. जरा धीर गोळा होऊ द्या. तोवर एका जागी तरी खरं लिहिलेलं असू द्या."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. गिऱ्हाईक नानासाहेब, आणि लग्न आशाचं. शेवटी त्यांनी दोघांचंही मन राखलं. काचेखाली गाड्यांच्या नंबरप्लेटला लावतात त्या रेडियमचं कापलेलं, ठसठशीत 'बद्रीनाथ' चिकटवलं. आणि पुढच्या चाकाच्या झाकणावर दोन केसांच्या ब्रशनं, श्वास रोखून, तेच नाव रंगानं लिहिलं. पोटाखाली खरं आणि तोंडावर रेडियम. तेव्हापासून मला एकच घोर लागला, की मला कोणी उलटं केलं तर?

न्यायला आले त्याच दिवशी नानासाहेबांनी मला उलटं केलं. बैल घेताना खूर बघावेत तसं.

"मिस्त्री, हे काय?"

सांडू मिस्त्रींची मोठी जीभ टाळ्याला चिकटली.  नानासाहेब त्या बारीक अक्षरांकडं डोळे बारीक करून बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"वा रे गडी! ट्रॉलीला कसं फाळक्यावर पण नाव असतंय आन मडगार्डवर पण. मालक कोण, ते चारी अंगानं कळलं पायजे!"

"त्याच्यासाठीच की, नाना," मिस्त्री म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले.

नानासाहेबांचं शहरातलं घर सिडकोत. दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये माझी जागा झाली. समोर खिडकी. सकाळचं विमान चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरायला लागलं, की घराच्या काचा थरथरायच्या आणि मी आपोआप पुढं सरकून शोकेसच्या काचेला नाक लावायचो. टक्. संध्याकाळच्या विमानाला पुन्हा टक्. आलेल्या प्रत्येकाला नानासाहेब सांगत, "बघा, त्याला पण दम निघंना." दम कोणालाच निघत नव्हता. आशा रोज दारात येऊन उभी राहायची. "नाना, एक बोलायचं होतं." "बोल की, बाई. पर आधी पत्रिका बघ, कशी छापलीय." मग तिचं बोलणं राहून जायचं. ती मान खाली घालून परत जायची आणि जाताना शोकेसपाशी थबकायची. मी काचेच्या आतून तिला म्हणायचो, की सांग ना एकदा. पण माझा आवाज एवढाच, टक्.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातलं हत्यार आणि यंत्र धुऊन पुजायचं. द्वारकाबाईंनी विळे-कोयते धुतले, मिक्सर धुतला, शिलाई मशीन पुसलं, आणि मोठ्या मायेनं मलाही मोरीत नेऊन तांब्याभर पाणी घातलं. रेडियमचं काय होणार? ते आधी एका टोकाला सुटलं, मग सगळंच्या सगळं निघून पाण्याबरोबर जाळीपाशी जाऊन बसलं. दारात उभ्या असलेल्या आशानं ते पाहिलं.

द्वारकाबाईंना अक्षरओळख नव्हती. हातात कुंकवाची कोयरी घेऊन त्या म्हणाल्या, "आशे, जावयाचं नाव कुठं लिवलंय गं? तिथं कुकू लावते."

आशानं मला हळूच उलटं केलं. "इथं, आई."

"आगं बया! पायाशी का लिवलंय?"

"ते तिथंच असतात, आई. विमान चालवत नाहीत. चाकं सांभाळतात."

 द्वारकाबाईंनी आधी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुझ्या नानाला ठाव हाय?"

"नाही."

"तुला पसंत हाय?"

"लई."

द्वारकाबाईंनी बोटावर कुंकू घेतलं आणि त्या मुंगीएवढ्या अक्षरांवर नेमकं टेकवलं. "मंग बरं हाय. पायात बळ आसलं म्हंजे झालं."

नंतर रीतीप्रमाणं त्यांनी माझ्या चाकाखाली एक लिंबू ठेवलं. ते योग्यच होतं. पण नजर लागू नये म्हणून माझ्या नाकाच्या सुईला लिंबू-मिरची बांधायला गेल्या, तेव्हा ती नळी काटकन मोडली. नानासाहेब आतून धावत आले. "आगं, काय केलंस! विमान हाय ते, टेंपो नाय!" त्याच दुपारी त्यांनी नाकाला दाभण बसवून घेतलं आणि काचेखाली नवं रेडियम लावून आणलं. लाल, टेंपोवर असतं तसं, प्रत्येक अक्षरातून ज्वाळा निघालेलं.

लग्न बीड बायपासवरच्या एका लॉनवर होतं. रुखवताच्या टेबलावर सुपाऱ्यांचे भटजी आणि नवरा-नवरी, करंज्यांचा डोंगर, लोकरीचे ससे, आणि सगळ्यांच्या मध्ये, निळ्या दिव्यांच्या माळेत मी. माणसांचा एवढा गराडा, की टेबल हलत होतं आणि मी एकसारखा पुढं-मागं होत होतो. रामकिसन आले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, आणि काही न बोलता पुढं गेले. नानासाहेबांनी दीर्घ श्वास घेतला. ठरल्याप्रमाणं जमा झाली होती.

ती फार वेळ टिकली नाही. आप्पासाहेबांना माईक दिसला, की हात शिवशिवतात. आठवड्यापासून दाजींच्या तोंडून 'पायलट' ऐकून ऐकून त्यांच्याही तोंडात तेच बसलं होतं. "वऱ्हाडी मंडळींना इनंती हाय, आमचे जावईबापू, लढाऊ विमानाचे पायलट, बद्रीनाथराव यांचं रुखवत बघून घ्यावं!"

काही क्षणांत स्वतः नवरदेव टेबलापाशी आला. मुंडावळ्या बांधलेला, पण चेहरा लग्नाचा नव्हता. त्यानं काचेखालच्या लाल ज्वाळांकडं पाहिलं. मग बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या आशाकडं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या तुकडीची पोरं बसलीत तिथं मांडवात. खरे पायलट साहेबपण आलेत. त्यांच्यासमोर मी खोटा पडलो."

"खाली बघा," आशा म्हणाली.

"काय?"

"चाकाचं झाकण बघा."

तो वाकला. मुंडावळ्यांचे मोती माझ्या पंखावर आपटले. झाकणावर त्याचं नाव होतं आणि त्याच्यावर वाळलेल्या कुंकवाचा ठिपका. त्यानं बोटानं चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं, फिरतच राहिलं.

"बेअरिंग घातलंय!" तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्न परत आलं. पण लगेच गेलं. "मामांना, तुमच्या नानांना, ठाऊक नाही?"

"सांगते. आत्ताच."

तेवढ्यात बायकांनी गलका केला. "नाव घे गं, आशे! रुखवतापुढं नाव घेतल्याबिगर सोडत नसतेत!" आप्पासाहेबांनी उत्साहानं माईक पुढं केला. आशानं तो दोन्ही हातांनी धरला. 

"पायलट बसतो विमानात, नजर त्याची आभाळावर;
बद्रीनाथराव चाक सांभाळतात, म्हणून उतरतो तो जमिनीवर."

टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यात थांबल्या. ज्यांना कळलं ते ज्यांना कळलं नव्हतं त्यांच्या कानाला लागले. मांडवाच्या मागच्या बाजूला तुकडीच्या पोरांनी तेवढी शिट्टी मारली. रामकिसननी चष्मा पुन्हा चढवला.

"म्हंजे नाना, जावई पंक्चर काढतो व्हय रं?"

हसू पिकलं. नानासाहेब रुखवतापाशी आले आणि त्यांनी मला उचललं. किती घट्ट धरलं होतं, ते माझ्या पंखाच्या कडेवर आजही दिसतं.

"आप्पासाहेब, तुम्ही पायलट म्हणला व्हता."

"आज म्हणलो, दाजी. तुमचंच ऐकून. पयल्या दिवशी मी विमानावर म्हणलो व्हतो. त्याला सीटवर तुम्ही बसवलं."

"आशे, तुला कधीपासनं ठाव?"

"पहिल्या दिवसापासून, नाना."

मग त्यांनी बायकोकडं पाहिलं. द्वारकाबाईंनी पदर सावरला. "मला खंडेनवमीपासनं," त्या म्हणाल्या.

रामकिसनच्या शब्दानं जे झालं नव्हतं, ते या दोन शब्दांनी झालं. नानासाहेबांचा चेहरा एकदम बंद झाला, दुकानाचं शटर पडावं तसा.

बद्रीनाथ पुढं आला. "मामा, मी खोटं बोललो नव्हतो. पण तुमचा होकार पायलटला होता. तो परत घ्यायचा असेल तर आत्ता घ्या, मी काही म्हणणार नाही."

 गुरुजी घड्याळाकडं बघत होते. आशा वडिलांकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, नुसती वाट होती. नानासाहेबांचा हिशोब मला हातातून कळत होता. मोडावं तर रामकिसन. लावावं तर रामकिसन. दोन्हीकडं तोच आकडा.

त्यांनी मला टेबलावर आदळलं. माझं मागचं एक चाक निखळून करंज्यांच्या डोंगरात जाऊन पडलं.

"लावा लग्न," ते म्हणाले. "लोक जेवायचे खोळंबलेत."

लग्न लागलं. मंगलाष्टकं संपल्यावर बद्रीनाथनं सगळ्यांदेखत करंज्या बाजूला करून ते चाक शोधलं, पुसलं आणि खिशात घातलं. नानासाहेबांनी ते पाहिलं आणि ते पंगतीकडं वळले.

रुखवत मुलीबरोबर सासरी जातं. मी गेलो नाही. नानासाहेबांनी मला परत आणून शोकेसमध्ये ठेवलं, आणि माझी टकटक ऐकवेना म्हणून द्वारकाबाईंचं ते खंडेनवमीचं वाळकं लिंबू चाकाला लावून टाकलं, घाटात ट्रकला दगड लावतात तसं. विमानं उतरत राहिली, काचा थरथरत राहिल्या, आणि मी आतल्या आत.

नानासाहेब पारावर जाईनासे झाले. कारण रामकिसन आता म्हणायचे, "जावई सुट्टीवर आला की सांग, आमच्या ट्रॅक्टरचं टायर बसलंय." हा राग रामकिसनवर निघायला हवा होता. निघाला लेकीवर. आशाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर सांगायलाही लागत नाही. नानासाहेबांनी सांगायला लावलं. "तिकडं लष्कराचा दवाखाना चांगला हाय. हितं कशाला?" तिकडं म्हणजे बद्रीनाथची नेमणूक होती तिथं, आसामात. द्वारकाबाईंनी एकटीनं डिंकाचे लाडू वळले, डबा आप्पासाहेबांच्या हाती दिला आणि भावाला म्हणाल्या, "सांग, आईची कंबर धरलीय." कंबर धडधाकट होती.

नात झाली. द्वारकाबाई रोज दुपारी नानासाहेब झोपले की फोन घेऊन शोकेसला टेकून उभ्या राहायच्या.

"रांगती का? ... कशी रांगती? गुडघ्यावर का ढुंगणावर? ... आगं, तू लहानपणी ढुंगणावर सरकायचीस, सगळा परकर फाडलास! ... फोन खाली धर, तिच्यापाशी धर, मला ऐकू दे."

मग त्या नुसत्याच ऐकत राहायच्या. फरशीवरच्या तळव्यांचा आवाज फोनमधून कितीसा येणार? पण त्या कानाला फोन दाबून धरायच्या, आणि दुसरा हात माझ्या काचेवर.

नानासाहेब जा म्हणाले नाहीत. द्वारकाबाईंनी विचारलंही नाही. मांडवातलं ते 'खंडेनवमीपासनं' अजून दोघांच्या मध्ये बसलेलं होतं.

दरवर्षी खंडेनवमीला मात्र मी खाली यायचो. तांब्याभर पाणी. लाल रेडियम पहिल्याच वर्षी गेलं, मग राखाडी रंग पातळ झाला, पंखावरची केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं फिकी झाली. शेवटी द्वारकाबाई मला उलटं करायच्या आणि चाकाच्या झाकणावर बोट टेकवायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ती जागा पाठ होती.

एका खंडेनवमीला त्यांचं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं. त्या मला उजेडाकडं धरून फिरवत होत्या. नानासाहेब दारातून बघत होते.

"काय हुडकतीस?"

"हितं नाव व्हतं. आता दिसंना. मीच पुसलं जणू, दर वर्साला धुऊ धुऊ."

"मंग लाव की दुसरीकडं कुठं."

"दुसरीकडं कुठं लावू?" द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तेवढंच व्हतं माझ्यापाशी."

 सण संपला, तसं नानासाहेबांनी मला उपरण्यात गुंडाळलं आणि गाडी चितेगावला घेतली. चाकाला चिकटून बसलेलं ते वाळकं लिंबू वाटेतच कधीतरी गळून पडलं. सांडू मिस्त्रींचे केस पांढरे झाले होते, जीभ तेवढीच होती.

"या, नाना! काय टाकू? काचेखाली नाव? दांडगं?"

"चाकाच्या झाकणावर टाका. बारीक आसलं तरी चालतंय." नानासाहेब थांबले. "पर पाण्यानं जाणार नाय आसं टाका. आमच्या घरात धुण्याची लई खोड हाय."

"आन हे एक चाक कमी दिसतंय. कातून देऊ दुसरं?"

"नगं. चाक हाय. त्यांच्यापाशी हाय."

त्याच रात्री त्यांनी फोन लावला. मला फक्त त्यांची बाजू ऐकू आली, आणि तीही एवढीच, "दिवाळीला या. ... व्हय, तिघं पण. ... कोण, तुझी आई? तिची कंबर चांगली हाय. पयल्यापासनं चांगली व्हती."

दिवाळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळचं विमान आलं. काचा थरथरल्या, आणि कितीतरी वर्षांनी मी मोकळ्या चाकांवर लंगडत पुढं सरकलो. टक्. खिडकीत उभे असलेले नानासाहेब कोणाला न सांगता म्हणाले, "टेकलं."

मग जिन्यावर पावलं वाजली. सगळ्यात पुढं नात होती. फ्रॉकच्या खिशात हात घालून, धाडधाड पायऱ्या चढत आली आणि मूठ उघडून म्हणाली, "हे तुमच्या विमानाचं आहे ना?" बद्रीनाथनं तिथंच जमिनीवर बसून चाक बसवलं. नानासाहेब त्याच्या शेजारी कसेबसे उकिडवे बसले आणि त्यांनी मला उलटं धरून ठेवलं. "पाव्हणं, हे विमान उतरताना सगळा भार ह्याच्यावर येतो व्हय?" "सगळा, मामा." "हं," नानासाहेब म्हणाले.

द्वारकाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. आधी गालावरून हात फिरवला नाही, फ्रॉक वर करून तिचे गुडघे हातात घेतले आणि निरखून पाहिले. मऊ, स्वच्छ गुडघे होते. रांगण्याचे घट्टे कधीच गेले होते.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरात असेल तर ती कोरड्या फडक्यानं पुसा, मोरीत नेऊ नका. तिच्या नाकाला लिंबू बांधू नका. आणि कोणी तुम्हाला 'मी विमानावर आहे' असं म्हणालं तर नेमकं कुठं, ते पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर 'खाली' असं आलं तर तिथंही त्याला तेवढ्याच मानानं बसवा. माणसाला त्याची जागा उशिरा का होईना मिळते, पण मधली वर्षं त्या जागेबरोबर येत नाहीत.

आता शेवटचा मेळ घालतो. आप्पासाहेबांना लग्नात पोशाख मिळाला. रामकिसनना एक विनोद मिळाला, तो ते अजून चालवतात, पण आता हसायला कोणी थांबत नाही. सांडू मिस्त्री हल्ली सांगतात, की ते सुखोईत बसूनही आलेत. आशाला तिचा माणूस मिळाला. नानासाहेबांना जावई मिळाला, पायलट नव्हे, पण बरोबर उतरणारा. मला माझं चाक मिळालं. ज्याच्या त्याच्या नावावर काही ना काही जमा आहे.

खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट आहे, एका नातीचं रांगणं. ते द्वारकाबाईंनी भरलं.